साहेबांना वाईट वाटेल

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका व्याख्यानमालेत झालेलं भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं नीटनेटकं केलेलं.)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'राष्ट्रीय संस्कृती आणि नवउद्योजकाचे निर्णय'. विषय मोठा आहे आणि मला पन्नास मिनिटं मिळाली आहेत. म्हणून जे पोटात आहे ते आधीच सांगून टाकते.

'मराठी माणूस रिस्क घेत नाही' हे वाक्य मी पस्तीस वर्षं ऐकतेय. लग्नाच्या पंगतीत ऐकलं, हळदीकुंकवाला ऐकलं, बँकेत मॅनेजरच्या टेबलासमोर सीसी लिमिट, म्हणजे कर्जाची मर्यादा, वाढवून मागताना ऐकलं. याच सभागृहात तुमच्यासारखी खाली खुर्चीत बसूनही ऐकलं. मला ते मान्य नाही. आमच्या गाळ्यात आणि आजूबाजूच्या गाळ्यांत मी जी माणसं पाहिली ती रिस्कला घाबरणारी नव्हती. ती साहेबाला घाबरणारी होती. या दोन भीती वेगळ्या आहेत, आणि आपण औषध भलत्याच भीतीवर देत बसलोय.

आमचा गाळा वागळे इस्टेटमध्ये. पुढच्या रांगेत कॉलेजची मुलं दिसतायत म्हणून सांगते. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे आपली वागळे इस्टेट. आज तिथे काचेच्या इमारती आणि कॉल सेंटरच्या बसेस दिसतात, पण रोड नंबर जुनेच आहेत. जुना माणूस पत्ता अजून 'बावीस नंबरला ये' असाच सांगतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७८ साली तिथे भाड्याने गाळा घेतला आणि एक जुना कॅपस्टन लेथ टाकला. पितळेचे इन्सर्ट आणि बुश, म्हणजे दुसऱ्या वस्तूंत बसवायचे छोटे सुटे भाग, काढायचे. त्याआधी ते एका कारखान्यात टूलरूमला होते. कायम नोकरी, कॅन्टीन, बोनस, सगळं होतं. घरात बायको, दोन मुली आणि म्हातारे आईवडील. तरी नोकरी सोडली. आईच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या चार वर्षांनी सुटल्या. आता मला सांगा, याला रिस्क म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

हाच माणूस एका परचेस ऑफिसरसमोर कसा उभा राहायचा, ते मला सांगायचंय.

१९९७ सालची गोष्ट. मी बी.कॉम. करून गाळ्यात हिशोब बघत होते त्याला आठ वर्षं झाली होती. एका मोठ्या कंपनीकडे आमचे ३ लाख ४० हजार अडकले होते. कंपनीचं नाव सांगणार नाही, सांगून उपयोगही नाही. माल पोचला होता, चलनावर स्टोअरचा शिक्का होता, तक्रार एका नगाचीही नव्हती. सात महिने झाले तरी पैसे नाहीत. ३ लाख ४० हजार म्हणजे त्या काळी आमचे दोन महिन्यांचे पगार, पितळेच्या रॉडचं बिल आणि विजेचं बिल, सगळं मिळून. दिवाळीचा बोनस द्यायला अण्णांनी खाजगी सावकाराकडून शेकडा दोनने पैसे उचलले. शेकडा दोन महिन्याला, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के.

एक दिवस मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. गेटवर नाव लिहायचं, कोणाला भेटायचं ते लिहायचं, मग रखवालदार चिठ्ठी आत पाठवणार. अण्णांनी गेटवरच शर्टाचं वरचं बटण लावलं. घरी, गाळ्यात, लग्नातसुद्धा ते बटण कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं. रिसेप्शनला दोन तास बसलो. सोफा मोकळा होता, पण अण्णा त्याच्या अगदी कडेला टेकले होते, पाठ न टेकता. मांडीवर मिठाईचा खोका. दोन तासांनी साहेब बाहेर आले. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान मुलगा. अण्णांचं वय तेव्हा ५८. ते झटक्यात उभे राहिले. मुलगा चालता चालताच म्हणाला, 'अकाउंट्सला टाकलंय, पुढच्या आठवड्यात बघू.' अण्णा म्हणाले, 'थँक्यू सर.'

आपल्याच पैशासाठी थँक्यू सर. बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर रडले असते.

त्या रात्री मी पत्र लिहिलं. लहान उद्योगांची देणी थकवली तर त्यावर व्याज द्यावं लागेल असा कायदा १९९३ सालीच झाला होता. मला तो आमच्या सीएंनी दाखवला होता. पत्रात शिवीगाळ नव्हती. बिलाच्या तारखा, चलनांचे नंबर आणि कायद्याचं नाव, एवढंच. सकाळी अण्णांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घातली, टेबलावरच्या काचेखाली सरकवलं आणि म्हणाले, 'साहेबांना वाईट वाटेल.'

मी वाद घातला. ऑर्डर जाईल का? त्यांना तसं वाटत नव्हतं, आमच्यासारखे इन्सर्ट त्या भावात देणारं दुसरं कोणी नाही हे त्यांना माहीत होतं. पैसे बुडतील का? तेही नाही. कोर्टाची भीती? कोर्टात जायचंच नव्हतं, नुसतं पत्र होतं. हिशोब घातला तर पत्र पाठवण्यात धोका जवळजवळ नव्हता आणि न पाठवण्यात महिन्याला शेकडा दोन जात होते. ज्या माणसाने पाटल्या गहाण टाकून नोकरी सोडली त्याचा हात पोस्टाच्या पेटीपर्यंत गेला नाही. अकराव्या महिन्यात चेक आला, व्याजाशिवाय. अण्णांनी साहेबांना पेढे पाठवले.

ते पत्र अजून त्या काचेखाली आहे. अण्णा गेले, टेबल मी बदललं नाही.

आता पुस्तकी भागाकडे वळते. तो मी हौसेने वाचलाय, त्यामुळे थोडं सहन करा. गेर्ट हॉफस्टेड नावाचे डच संशोधक होते. आयबीएममध्ये काम करत असताना त्यांच्या हाती एक खजिनाच लागला. १९६७ ते १९७३ या काळात कंपनीने जगभरच्या आपल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्या. कंपनी एक, कामं सारखी, देश मात्र वेगवेगळे. मग उत्तरांत जो फरक पडतो तो कशाचा? त्यांनी १९८० साली आधी चार मोजपट्ट्या मांडल्या, पुढे त्या सहा झाल्या. आपल्या कामाच्या दोन. एक, अनिश्चितता किती टोचते. पुढे काय होणार ते माहीत नसलं की माणूस किती अस्वस्थ होतो, नियम, लेखी हमी, ठरलेली वाट किती मागतो. दुसरी, सत्तेतलं अंतर. वरचा वर आहे आणि खालचा खाली आहे हे खालच्या माणसालाच किती स्वाभाविक वाटतं. हा 'खालच्या माणसालाच' शब्द महत्त्वाचा आहे. वरचा किती मुजोर आहे हे ही पट्टी मोजत नाही. खालचा किती सहज मान्य करतो, ते मोजते.

आता आकडे बघा. अनिश्चितता टाळण्यात जपान ९२ वर आहे. अमेरिका ४६. आणि भारत? ४०. रिस्क घेणाऱ्यांचा देश म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो त्या अमेरिकेपेक्षाही आपण खाली आहोत. म्हणजे अनिश्चितता आपल्याला कमी टोचते. 'बघू, होईल' हे आपलं रोजचं वाक्य आहे, आणि ते आळसाचं नाही. लोकलच्या चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर बसून डोंबिवलीपर्यंत झोपणाऱ्या माणसांना अनिश्चितता काय शिकवायची! (हशा) पण सत्तेच्या अंतरात भारत ७७, अमेरिका ४०, हॉफस्टेड यांचा स्वतःचा नेदरलँड्स ३८.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून अण्णांच्या टेबलाकडे बघत बसले. तो एक कागद, आणि हे दोन आकडे.

इस्रायलचा आकडा तर मी पाठच केलाय. अनिश्चितता टाळण्यात इस्रायल ८१, आपल्या दुप्पट. 'रिस्क न घेणारा समाज मागे पडतो' हे खरं असतं तर तिथे एकही नवी कंपनी उभी राहायला नको होती. सत्तेचं अंतर मात्र तिथे १३. शिपाई सेनापतीला तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणतो अशी त्या देशाची ख्याती आहे. अर्थात तिथे नुसती संस्कृती नव्हती. १९९३ साली सरकारने योझ्मा नावाची योजना आणून दहा कोटी डॉलर भांडवल म्हणून घातले, हे विसरून चालणार नाही. पण पैसा ओतल्यावर तो कुठे मुरतो आणि कुठून वाहून जातो, ते जमिनीवर ठरतं.

इथे किर्लोस्करांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण सगळे 'धाडसी मराठी माणूस' म्हणून देतात. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, हे सगळं खरं. पण सुरुवात कुठे झाली? मुंबईत व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत होते. त्यांची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावला निघून गेले. म्हणजे त्यांचा पहिला निर्णय धोका पत्करण्याचा नव्हता, साहेबाचा अन्याय न गिळण्याचा होता. आणि दुसरा तितकाच मोठा माणूस या गोष्टीत आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. राजा असून त्यांनी बेळगावातली जागा गेल्यामुळे बेघर झालेल्या या कारखानदाराला जमीन दिली, बिनव्याजी पैसे दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. वरच्याने खाली उतरून अंतर कमी केलं. या बाजूबद्दल आपण फार कमी बोलतो.

कमी का बोलतो हे मला स्वतःवरून कळलं. दुसरी गोष्ट त्याची आहे. त्या गोष्टीत साहेब मी आहे.

अण्णांनंतर गाळा माझ्याकडे आला. एका ऑर्डरचे ४,२०० इन्सर्ट परत आले. लांबी जास्त. आमच्याकडे दर तासाला गेज लावून माप तपासायची पद्धत होती, रजिस्टरमध्ये सह्या होत्या. मी दोन दिवस सगळ्यांना झापलं, कारण सापडलं नाही. मग खंडेनवमी आली. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी मशीन बंद असतात. सकाळी सगळे मिळून लेथ रॉकेलने पुसतात, चकाकेपर्यंत, मग हळदकुंकू, झेंडूच्या माळा, प्रत्येक मशीनपुढे नारळ. चिपच्या ट्रेमध्येसुद्धा एक फूल ठेवतात. नंतर सतरंजीवर सगळे एका पंगतीत, मालक, फोरमन, हेल्पर. वर्षातला तो एकच दिवस आमच्याकडे खुर्ची नसते.

माझ्या शेजारी जव्हारकडचा एक पोरगा बसला होता, एकोणीस-वीस वर्षांचा हेल्पर. श्रीखंड वाढताना खाली मान घालून म्हणाला, 'मॅडम, तो लांबीचा स्टॉपर ढिला होता. मला सकाळी पहिल्या शंभर नगांतच कळलं होतं.' मी म्हटलं, 'अरे मग बोलला का नाहीस?' तो म्हणाला, 'सेटिंग मामांनी केलं होतं. मी कसं सांगणार?' मामा म्हणजे आमचे फोरमन, अण्णांच्या वेळेपासूनचे. ते चार माणसं सोडून बसले होते आणि त्यांनी ऐकलं. घास तसाच हातात राहिला त्यांचा. चिडले नाहीत. म्हणाले, 'आणि मी तुला ऐकलं नसतं, हेही खरं आहे.'

मला काचेखालचा कागद आठवला. त्या पोराचा हात जिथे थांबला तिथेच अण्णांचा थांबला होता. आणि त्याला थांबवणाऱ्या उतरंडीच्या टोकाला मी होते. दोन दिवस झापत होते, आणि ज्याला माहीत होतं तो समोर उभा राहून झापून घेत होता.

(आयोजकांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं? बरं. मग पत्रिकेवरचा विषय दहा मिनिटांत सांगते, भराभर सांगितलं तर माफ करा.

नव्या धंद्याची कामगिरी आणि ही सत्तेची दरी यांचा संबंध मला तीन ठिकाणी दिसतो. पहिलं, पैसा. महिन्याला दहा लाखांचा माल देणारा नवा उद्योजक घ्या. पैसे ४५ दिवसांत आले तर त्याचे पंधरा लाख बाहेर अडकतात, १२० दिवसांत आले तर चाळीस लाख. वरचे पंचवीस लाख बँकेकडून बारा टक्क्यांनी आणले तर वर्षाला तीन लाख व्याज. शेकडा पाच सुटतात असं धरलं तर त्याचा वर्षाचा नफाच सहा लाख. निम्मा गेला, आणि तो गेला न विचारल्यामुळे. आज कायदा कडक आहे. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. अशा तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी परिषदेच्या निकालाला कोर्टात आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. २०१७ पासून तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते. तरी माझ्या ओळखीचे बहुतेक गाळेवाले तक्रार करत नाहीत. विचारलं की तेच वाक्य, शब्द वेगळे.

दुसरं, बातमी. नव्या धंद्यात चूक लवकर कळणं हेच भांडवल असतं. जव्हारच्या पोराला ती सकाळीच कळली होती, मला बारा दिवसांनी. नवी कंपनी काढणाऱ्या आमच्या महापे-रबाळ्याच्या मुलांनाही मी हेच सांगते. तुमच्याकडे कॉफी मशीन आहे, बीन बॅग आहे, पण 'सर, हे चालणार नाही' असं म्हणणारा सर्वांत नवा मुलगा आहे का?

तिसरं, तोटा किती सोसायचा ते ठरवणं. मूळच्या भारतातल्या सारस सरस्वती अमेरिकेत संशोधक झाल्या. त्यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक धंदा दिला आणि निर्णय घेताना मोठ्याने विचार करायला सांगितलं. ही माणसं 'किती मिळेल' यापेक्षा 'किती गेलं तर चालेल' इथून सुरुवात करतात असं त्यांना दिसलं. २००१ साली त्यांनी ते मांडलं. आपल्या आज्ज्या त्याला अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणायच्या. फक्त आपल्याकडे अंथरूण एकट्याचं नसतं. आईच्या पाटल्या, भावाचा पीएफ, मामाची ओळख, सगळं त्यात शिवलेलं. चिनी आणि अमेरिकी लोकांची तुलना करणाऱ्या संशोधकांना नव्वदच्या दशकात दिसलं की पैशाच्या बाबतीत चिनी माणसं जास्त धोका पत्करतात. त्यांचं स्पष्टीकरण असं की पडलं तर खाली नातेवाइकांची गादी असते. आपल्याकडेही ती गादी आहे. पण गादी देणारा काकाच मग धंद्यातला साहेब होतो, आणि पुतण्या त्याला 'भाव चुकला' असं म्हणू शकत नाही. घराघरांत हे चाललंय.

मागून कोणीतरी 'चीन' म्हणालं. बरोबर आहे. चीनचा सत्तेच्या अंतराचा आकडा ८०, आपल्याहून जास्त, आणि धंदा तर धडाक्याने वाढला. म्हणून मी असं म्हणत नाही की या अंतरामुळे धंदे निघतच नाहीत. आपल्याकडेही निघतात, वागळेत निघाले, तुर्भ्यात निघाले. निघाल्यावर पैसा कोणाच्या खिशात थांबतो आणि खरी गोष्ट कोणाच्या घशात अडकते, एवढंच माझं म्हणणं. आणि देशाचा आकडा म्हणजे माणूस नव्हे. हॉफस्टेड यांनी विचारलं ते आयबीएमच्या नोकरदारांना, गाळेवाल्यांना नाही.

शिवाय हे बदलतं. १९६०च्या दशकात डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने आंध्रमधल्या काकीनाड्याच्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. स्वतःसाठी ध्येय कसं ठरवायचं, पुढाकार कसा घ्यायचा याचं. ज्यांनी ते घेतलं ते पुढच्या काळात न घेतलेल्यांपेक्षा धंद्यात जास्त हालचाल करताना दिसले. गाव तेच, जात तीच, देव तेच.

आमच्या गाळ्यात मी काय केलं ते सांगून थांबते. पहिल्या शंभर नगांचं गेज आता सर्वांत नवा मुलगा लावतो आणि मशीन बंद करायचा अधिकार त्याचा. मामांनी स्वतः तो नियम फळ्यावर लिहिला. आणि बिलावर मी तीन ओळी छापून घेतल्या: आमचा उद्यम नोंदणी क्रमांक, ४५ दिवसांची मुदत, आणि उशीर झाल्यास त्या २००६ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे व्याज. छापखानेवाल्याने प्रूफ देताना विचारलं, 'ताई, गिऱ्हाईक रागावणार नाही ना?' अकरा गिऱ्हाइकं होती. दोघांचे फोन आले, एक सोडून गेलं. दहा आहेत, आणि त्यांतली सात आता वेळेवर देतात. व्याजाचं पहिलं पत्र मी गेल्या वर्षी पाठवलं. सही करताना माझाही हात थांबला होता. मग केली.

त्या बिलाच्या कोऱ्या प्रती पिशवीत आणल्यात, साठेक आहेत. ज्यांना मजकूर उतरवून घ्यायचाय त्यांनी खाली टेबलाशी या. आता प्रश्न घेऊ. काका, उठू नका, बसूनच विचारा.